पणजोबांचं विमान

प्रश्न : १९११ साली औरंगाबादजवळ फौजेचं विमान उडताना पाहिलं, असं आमचे पणजोबा सांगत. तेव्हा मराठवाड्यात विमान कुठून येणार? ही थापच ना?
— एक वाचक, जालना

उत्तर : थाप कशाला? जानेवारी १९११मध्ये, औरंगाबाद निजामाच्या हद्दीत असताना, तिथं घोडदळाचा युद्धसराव झाला आणि त्यात विमान उडालं. ब्रिस्टल कंपनीनं आपली ‘बॉक्सकाइट’ विमानं विक्रीच्या आशेनं डिसेंबर १९१०मध्ये कलकत्त्याला आणली होती. त्यातलं एक दख्खनमध्ये आलं. चालवणारा आंरी ज्युलरो हा फ्रेंच माणूस आणि टेहळणीला तोफखान्याचे कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. सरावातली ‘शत्रू’ची फौज कुठं आहे, हे ब्रँकर वरून हेरून आले.

बॉक्सकाइट म्हणजे पेटीच्या आकाराचा पतंग. महिनाही संक्रांतीचाच! लाकडी काठ्या, कापड आणि तारा. एकावर एक दोन पंख. वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्यावरच बसे आणि टेहळ्या त्याच्या पाठीमागे, जरा उंच. ना काच, ना पट्टा. वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली एसटी त्याला मागं टाकेल. पण डोंगराआड काय आहे ते घोडेस्वाराला डोंगर चढल्यावर कळायचं, याला बसल्या जागी दिसायचं.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, त्यामुळे माझा जीव इंजिनात. हे पन्नास अश्वशक्तीचं ‘नोम’ इंजिन. यात मधला दांडा (क्रँकशाफ्ट) स्थिर आणि पंख्याबरोबर अख्खी सिलिंडरंच गरगर फिरत. वंगणाला चक्क एरंडेल! साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होतं, एरंडेल सहसा होत नाही. ते परत टाकीत येत नसे, जळकं-अर्धं जळकं बाहेर फेकलं जाई. इंजिन पाठीमागे होतं म्हणून बरं, नाहीतर ज्युलरोसाहेबांचं तोंड माखलं असतं.

ब्रँकर पुढं ब्रिटनच्या नागरी विमान खात्याचे प्रमुख झाले आणि १९३०मध्ये भारताकडे निघालेल्या ‘आर १०१’ या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाच्या अपघातात फ्रान्समध्ये मरण पावले.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विचारा : पणजोबांच्या गोष्टीत जळक्या एरंडेलाचा वास येतो का? येत असेल तर मला जरूर कळवा.