विहीर दीड तासात कोरडी पडते, मोटर मोठी घेऊ का?

प्रश्न : आमची दीड एकर जमीन माण तालुक्यात आहे. विहीर 55 फूट खोल, 20 फूट व्यासाची. 5 एचपीची मोटर दीड तासात पाणी ओढून टाकते. एप्रिलमध्ये चोवीस तासांत जेमतेम तीन फूट पाणी चढते. शेजाऱ्याने साडेसातची बसवली, आम्हीही बसवावी का? योजनेतून 3 एचपीचाच सौरपंप मिळेल म्हणतात, तो पुरेल का?

उत्तर : भाऊ, साडेसातची अजिबात घेऊ नका. मोटर पाणी तयार करत नाही, झऱ्यांनी दिलेले फक्त वर आणते. मोठी मोटर लावली तर तीच विहीर तासाभरात उपसेल, आणि पाण्याबाहेर कोरडी फिरली तर जळेल.

चोवीस तासांत तीन फूट चढते हे तुम्ही मोजलेत, फार चांगले केलेत. बरेच जण दिवाळीतली भरलेली विहीर बघून हिशेब करतात आणि मार्चमध्ये पीक वाळते. 20 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. तीन फुटांचे झाले सुमारे 26,700 लिटर. तुमची रोजची कमाई एवढीच.

एक एकरावर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर द्यायला सुमारे 4,000 लिटर लागतात. भर उन्हाळ्यात भाजीला ठिबकवर रोज 5 ते 6 मि.मी. धरा, म्हणजे एकरी 20 ते 24 हजार लिटर. तेव्हा उन्हाळ्यात एकच एकर भिजवा. उरलेला अर्धा एकर खरीप-रब्बीत करा. हे सांगताना मलाही बरे वाटत नाही, पण दीड एकर अर्धवट भिजवण्यापेक्षा एक एकर पूर्ण पिकवलेले घरात येते.

आता मोटर. उन्हाळ्यात पाणी 50 फुटांवर जाते, म्हणजे 15 मीटर. शेताचा चढ 5 मीटर, पाइपातले घर्षण 5, फिल्टर आणि ठिबकचा दाब 15 (घर्षण आणि दाबही उंचीच्या मीटरांतच मोजतात) धरले तर एकूण 40 मीटर. सेकंदाला 2 लिटर पाणी या उंचीवर चढवायला, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरूनही, दोन एचपीच्या थोडे वर लागतात. 3 एचपी पुरते. ताशी 7,200 लिटरने दिवसाचे पाणी पावणेचार तासांत उपसून होते.

मात्र ठिबक सगळे एकदम चालवू नका. चार फुटांवर नळी, 40 सें.मी.वर ताशी 2 लिटरचा ड्रिपर (थेंब सोडणारे तोंड) असेल तर एकराला ताशी सुमारे 17 हजार लिटर लागतात. म्हणून तीन भाग करून प्रत्येकाला व्हॉल्व्ह द्या. भर उन्हाळ्यात एका भागाला सव्वा ते दीड तास पाणी पुरते. सौरपंपाचा जोर दुपारी असतो, त्यामुळे सर्वांत लांबचा किंवा चढाचा भाग तेव्हा घ्या.

पाइपात कंजुषी नको. दोन इंचीऐवजी अडीच इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याचे घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येते.

मोटर विहिरीच्या काठावर असेल तर पाणी सात मीटरपेक्षा खाली गेल्यावर ती नीट ओढणार नाही. तुमच्याकडे पाणबुडी मोटरच हवी.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपी मिळतो. तुमचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. तो आधी करा, कारण ठिबक नसेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो.