पाचातले तीन मोजले, पण मत कुणाच्या हातात?

प्रश्न : अमेरिकेच्या घटनेत काळ्या माणसाला 'तीन पंचमांश माणूस' मानलं होतं असं नेहमी ऐकतो. मग उत्तरेकडचे लोक जर गुलामगिरीच्या विरोधात होते तर त्यांनी पूर्ण माणूस मोजायचा हट्ट का नाही धरला?

उत्तर : हाच घोळ माझ्याही डोक्यात कितीतरी वर्षं होता, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवायची सोय नाही. पण भांडण नेमकं उलटं होतं हो. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला प्रतिनिधी जमले, तेव्हा गुलाम पूर्ण मोजा, एकास एक, असं म्हणणारे होते साउथ कॅरोलिनाचे पिअर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी, म्हणजे खुद्द मालक मंडळी. आणि अजिबात मोजू नका म्हणणारे होते उत्तरेतले काहीजण. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरींनी तर तोंडावर विचारलं की तुमच्याकडे गुलाम ही मालमत्ता आहे ना, मग आमचे गुरं-घोडे का नाही मोजत?

आता मोजणी चालली होती कशासाठी ते बघा. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये, म्हणजे काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, कुठल्या राज्याला किती सीट ते लोकसंख्येवर ठरणार होतं. गुलामाला मत नाही, कोर्टात उभं राहायची सोय नाही, पण त्याचं डोकं मोजून जी सीट वाढणार तिच्यावर माणूस निवडून देणार कोण, तर त्याच्या मालकासारखेच लोक. म्हणजे गुलाम जितका 'पूर्ण' मोजला जाईल तितका मालक काँग्रेसमध्ये भारी. शून्य मोजला असता तर गुलामाचं उलट भलंच होतं. तो आकडा गुलामाच्या माणूसपणाचा नव्हताच, मालकाला मिळणाऱ्या बोनसचा होता.

आणि 'काळा माणूस' हेही बरोबर नाही. स्वतंत्र काळे पूर्णच मोजले जायचे. घटनेत आधी 'स्वतंत्र व्यक्ती' आणि मग 'इतर सर्व व्यक्तींच्या तीन पंचमांश' असं लिहिलंय. १७८७ च्या मूळ मजकुरात गुलाम हा शब्दच नाही, सगळा वाचून काढा, सापडणार नाही. लाज वाटत होती म्हणा किंवा हुशारी म्हणा, मला दोन्ही वाटतं.

तो आकडा मुळात आला कुठून तेही मजेशीर आहे. १७८३ मध्ये, म्हणजे या घटनेच्या आधीच्या जुन्या काँग्रेसमध्ये, राज्यांनी पैसे किती भरायचे यावर वाद होता, आणि तेव्हा दक्षिणवाले बरोब्बर उलट बोलत होते, गुलाम कमी मोजा, ते काम कमी करतात. कुणी अर्धे म्हणे, कुणी तीन चतुर्थांश, शेवटी व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसननी तीन पंचमांश सुचवलं. सगळ्या १३ राज्यांचा होकार लागत होता, तो मिळाला नाही आणि विषय बारगळला. ११ जून १७८७ ला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सननी तोच आकडा उचलून सीटच्या हिशोबाला लावला. टॅक्सच्या बिलातला आकडा प्रतिनिधित्वाच्या बिलात चिकटवला, एवढंच. जुलैत नॉर्थ कॅरोलिनाच्या विल्यम डेव्हींनी सांगून टाकलं की निदान तीन पंचमांश धरणार नसाल तर आमचं राज्य या संघात येणारच नाही. उत्तरेची समजूत काढायला थेट (डायरेक्ट) टॅक्सही त्याच प्रमाणात असं जोडलं, पण तो टॅक्स पुढे क्वचितच लावला गेला. सीट मात्र दर निवडणुकीला होत्या.

८ ऑगस्टला पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नूर मॉरिस (एक पाय लाकडाचा, पण जीभ भयंकर धारदार) उठून विचारतात की गुलाम मोजायचे ते कुठल्या तत्त्वावर? माणसं आहेत का, मग नागरिक करा आणि मत द्या. मालमत्ता आहे का, मग बाकीची मालमत्ता का नाही? या शहरातली घरं साउथ कॅरोलिनाच्या भातखाचरांतल्या सगळ्या गुलामांपेक्षा जास्त किमतीची आहेत. उत्तर कुणाकडेच नव्हतं, कलम तरी राहिलंच.

प्रश्न : पण दोन-चार सीटनी असा काय फरक पडतो?

उत्तर : दोन-चार नाही ना! १७९० ची जनगणना घ्या. व्हर्जिनिया साधारण ७ लाख ४७ हजार, त्यातले २ लाख ९२ हजार गुलाम, म्हणजे स्वतंत्र लोक साडेचार लाखांच्या आसपास. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र लोक ४ लाख ३० हजार, जवळपास तेवढेच. सीट दर ३३ हजारांना एक. पेनसिल्व्हेनियाला मिळाल्या १३ आणि व्हर्जिनियाला १९.

आणि गोष्ट हाउसवर थांबत नाही. प्रेसिडेंट निवडणारे इलेक्टर किती, तर राज्याच्या हाउसमधल्या सीट अधिक सिनेटचे (वरच्या सभागृहाचे) २, म्हणजे तोच बोनस तिथेही. १९ जुलै १७८७ ला मॅडिसन स्वतः म्हणाले होते की जनतेनं थेट निवड करणं सगळ्यात योग्य, पण दक्षिणेत मतदार कमी, गुलामांच्या नावावर तिथे वजन पडणार नाही, इलेक्टर ठेवले की ती अडचण राहत नाही. इतकं सरळ बोललेत. १८०० च्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीत व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसनना ७३ आणि जॉन अ‍ॅडम्सना ६५ इलेक्टोरल मतं पडली, आणि इतिहासकारांचा ढोबळ हिशोब असा की जेफरसनची त्यातली डझनभर गुलाम मोजल्यामुळे आली. तसं काही राज्यांत तेव्हा इलेक्टर विधिमंडळच निवडायचं, त्यामुळे सगळं खापर एकाच कलमावर फोडू नये, पण फरक ८ मतांचा आणि बोनस डझनाचा, हिशोब तुम्हीच करा. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षं प्रेसिडेंट व्हर्जिनियाचा. न्यू इंग्लंडवाले (ईशान्येकडची राज्यं) इतके वैतागले की १८१४-१५ च्या हार्टफर्ड कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीत, सुचवलेल्या घटनादुरुस्त्यांत पहिली हीच, फक्त स्वतंत्र लोक मोजा. कुणी ऐकलं नाही.

प्रश्न : मग गुलामगिरी गेल्यावर तरी हे मिटलं का?

उत्तर : इथे तर कहरच झाला. १८६५ ला १३ वी दुरुस्ती आली, गुलाम स्वतंत्र, म्हणजे आता पाचातले पाच मोजायचे, म्हणजे यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या सीट वाढणार! हे लक्षात आल्यावरच १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीत दुसरं कलम घातलं की सज्ञान पुरुष नागरिकांना मत नाकाराल तर त्या प्रमाणात सीट कापू. पुढे मिसिसिपीनं १८९० च्या राज्यघटनेत पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर) आणि वाचनाच्या अटी घालून काळ्या मतदारांना बाहेर काढलं, बाकीच्यांनीही तेच केलं, आणि १९६५ चा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट (मताच्या हक्काचा कायदा) येईपर्यंत दक्षिणेतल्या बहुतेक काळ्यांना मोजलं पूर्ण आणि मत दिलं नाही. ते दुसरं कलम आजही घटनेत आहे, त्याखाली एकाही राज्याची एकही सीट कधी कापलेली नाही.