वटवाघळे उलटी लटकून वितात कशी?

प्रश्न : आमच्या गावी देवळामागच्या वडावर शेकडो मोठी वटवाघळे लटकलेली असतात. मार्चमध्ये त्यांतल्या अनेकींच्या छातीशी पिल्ले बिलगलेली दिसली. जुनी माणसे सांगतात की वटवाघूळ तोंडाने खाते आणि तोंडानेच विष्ठा टाकते. यात तथ्य आहे का? उलटी लटकलेली मादी विते कशी आणि वर्षातून किती वेळा?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपण पाहिलेली वटवाघळे भारतातील सर्वांत मोठ्या फलाहारी जातीची असावीत. त्यांच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सव्वा ते दीड मीटर भरते. तोंडाने विष्ठा टाकण्याची समजूत चुकीची असली तरी तिच्यामागे बारकाईने केलेले निरीक्षण आहे. हा प्राणी फळाचा लचका तोडून तो जिभेने टाळूवर दाबतो, रस गिळतो आणि उरलेला चोथा थुंकून टाकतो. सकाळी झाडाखाली पडलेली अशी एखादी गोळी काडीने उकलून पाहिली, तर तिच्यात फळाचे पिळून काढलेले तंतू दिसतील. विष्ठा आणि मूत्र टाकताना मात्र वटवाघूळ अंगठ्यांच्या नखांनी फांदीला धरून क्षणभर सुलटे होते, त्यामुळे त्याचे अंग माखत नाही.

बाळंतपणातही या सुलटे होण्याचा उपयोग काही जातींना होतो. हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावरच्या, याच कुळातील वटवाघळांच्या एका मादीचे बाळंतपण अमेरिकेतील संशोधकांना बंदिस्त वसाहतीत जवळून पाहता आले आणि त्याची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. ती मादी डोके खाली ठेवूनच कळा देत होती. तेव्हा शेजारची दुसरी मादी, जी स्वतः गाभण नव्हती, तिच्यासमोर वारंवार पाय खाली सोडून लटकू लागली, आणि तिचे पाहून अडलेल्या मादीनेही तशीच बैठक घेतली. पिल्लू बाहेर येऊ लागल्यावर त्या शेजारणीने ते चाटले आणि आईच्या छातीपर्यंत पोहोचायला त्याला मदत केली. सुईणपणाचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपल्या वडावरच्या मादीला साधारणपणे वर्षातून एकदा एकच पिल्लू होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात मीलन, सुमारे पाच महिन्यांचे गर्भारपण आणि फेब्रुवारी ते मे या काळात जन्म असे हे वेळापत्रक असल्यामुळे आपण मार्चमध्ये पाहिलेले दृश्य त्यात चपखल बसते. मादीचे स्तन काखेजवळ असतात आणि पिल्लू आकड्यासारख्या वाकड्या दुधाच्या दातांनी ते घट्ट धरून राहते, म्हणून आई उडाली तरी ते सहसा खाली पडत नाही. तीन आठवड्यांच्या सुमारास ते स्वतः लटकू शकते, अकराव्या आठवड्याच्या आसपास उडते आणि पाच महिन्यांचे होईपर्यंत दूध पिते. दूध पाजणाऱ्या आईला भरपूर खाणे लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोहाची फुले, वड-उंबराची फळे आणि पुढे जांभळे तिला मिळतात.

सर्वच फलाहारी जाती मात्र इतक्या सावकाश वाढत नाहीत. लेण्यांत आणि पडक्या वास्तूंत राहणाऱ्या, जिभेने टकटक आवाज काढून अंधारात वाट शोधणाऱ्या मध्यम आकाराच्या जातीचा अभ्यास गोपालकृष्ण आणि चौधरी या संशोधकांनी केला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. या जातीची मादी मार्चमध्ये व्याली की लगेच पुन्हा गाभण राहते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा विते.

एक विनंती आवर्जून करतो. फेब्रुवारी ते जूनपर्यंत त्या वडाखाली फटाके वाजवू नयेत आणि फांद्या छाटू नयेत, कारण घाबरून उडालेल्या मादीचे पिल्लू खाली पडले, तर तिची त्या वर्षीची वीण बहुधा तेथेच संपते. पडलेल्या पिल्लाला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, वनखात्याला कळवावे.

प्रश्न : घराजवळच्या अशोकाच्या झाडात लहान वटवाघळे झुबक्याने लटकतात. तो त्यांचा खोपा असतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय, तो एक प्रकारचा तंबूच असतो. आखूड नाकाच्या या लहान जातीचा नर पाने आणि कोवळे देठ चावून, कित्येक आठवडे खपून आतली जागा पोकळ करतो आणि त्या निवाऱ्यात अनेक माद्या त्याच्याजवळ राहतात. या माद्याही वर्षातून दोनदा वितात. पण हिवाळ्यातल्या गर्भाची वाढ काही काळ मंदावत असल्याने पहिले गर्भारपण पाच महिन्यांचे, तर उन्हाळ्यातले दुसरे चार महिन्यांचे असते.