वाचकांचे प्रश्न : मालिकेत जाऊ की नको?

प्रश्न : मी अहिराणीत दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्म करतो. मुंबईत एका रोजच्या मालिकेवर सहायक दिग्दर्शकाचं काम मिळतंय. जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन टीव्हीतूनच वर आले, असं वाचलं. मग ही वाट धरू का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : पेटरसन टीव्हीतून आले खरे, पण तो टीव्ही वेगळा. हॅम्बुर्गला नाटकं, मग बर्लिनची फिल्म अकादमी आणि १९७१ पासून ‘टाटोर्ट’ ही गुन्हेकथांची मालिका. ‘टाटोर्ट’ म्हणायला मालिका, पण तिचा प्रत्येक भाग म्हणजे साधारण दीड तासाची, तिथेच संपणारी गोष्ट. आपल्याकडे दिवसाला एक भाग उरकायचा असतो. त्यात कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्या शॉटशी जुळवणं), कॉलशीट (कोणी कधी, कुठे यायचं त्याचा रोजचा कागद), नटांना सांभाळणं पक्कं होतं. गोष्ट संपवायची कशी, ते कळत नाही. वर्षभर जरूर जा. त्याहून जास्त नको.

आणखी एक. १९७४ मध्ये पहिला सिनेमा केल्यावरही ते टीव्ही करत राहिले. त्यांचा ‘टाटोर्ट’चा गाजलेला भाग १९७७ चा. तिकडे टीव्ही वाहिन्याच सिनेमात पैसा घालतात, त्यामुळे टीव्हीवर परतण्यात कमीपणा नसतो. त्यांचा पाणबुडीवरचा युद्धपट ‘दास बोट’ हे त्याचं उत्तम उदाहरण : १९८१ मध्ये थिएटरात सुमारे अडीच तास, १९८५ मध्ये त्याच चित्रीकरणातून जर्मन टीव्हीवर तीन भाग.

हा प्रयोग चोपड्यातही जमेल. पंचेचाळीस मिनिटांची एक फिल्म आणि त्याच चित्रीकरणातून वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. मात्र हे शूटिंगआधीच कागदावर ठरवा. प्रत्येक सीनपुढे ‘दोन्हीत’ की ‘फक्त भागांत’ ते लिहा. चूक होते ती इथे : केळीच्या बागेत व्यापारी इसार देतो तो सीन ‘फक्त भागांत’ ठेवला आणि पुढे शेतकरी म्हणाला, ‘इसार परत ने’, की फिल्म पाहणारा बुचकळ्यात. असं वाक्य दोन प्रकारे घेऊन ठेवा, इसाराचं नाव घेऊन आणि न घेता. पहिल्या दोन भागांच्या शेवटी काहीतरी अडलेलं हवं. नुसती कात्री लावून भाग होत नाहीत. शिवाय प्रत्येक जागेचा मोकळा आवाज, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा, मिनिटभर रेकॉर्ड करा. मागे विहिरीवरची मोटर चालू असेल, तर सीन कापताच तिचा आवाज मध्येच तुटतो आणि सांधा उघडा पडतो.

जर्मनीत जाऊन शिकायचं मनात असेल, तर म्युनिकच्या सरकारी फिल्म शाळेत शिकवणं जर्मनमध्ये चालतं, भाषा आधी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यापेक्षा जवळचा. त्याला पदवी लागते.