डावीकडे दुर्लक्ष ‘होतं’ की तो ‘करतो’?

प्रश्न असा आला आहे: न्यूरॉलॉजिस्ट मार्सेल मेसुलम यांच्या कारकिर्दीवर मराठीत लिहिताना त्यांचे विषय ‘अवधान आणि स्मृती’ म्हणावेत की ‘लक्ष आणि स्मरण’? आणि त्यांनी अभ्यासलेल्या ‘नेग्लेक्ट’ या विकाराला ‘दुर्लक्ष’ चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मला जास्त मोलाचा वाटतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. नजर मात्र शाबूत असू शकते. लक्ष हे मेंदूतल्या एकाच ठिकाणाचं काम नसून एकमेकांशी जोडलेल्या भागांच्या जाळ्याचं काम आहे, असं मेसुलम यांनी १९८१ मध्ये मांडलं. उजवा मेंदू दोन्ही बाजूंकडे लक्ष पुरवतो, डावा मुख्यतः उजवीकडेच. त्यामुळे उजवा दुखावला की डावी बाजू वाऱ्यावर पडते.

आता मराठी पाहा. ‘दुर्लक्ष करणे’ यात हेतू असतो, ‘दुर्लक्ष होणे’ यात नसतो. या रुग्णाचं डावीकडे दुर्लक्ष होतं. तो दुर्लक्ष ‘करतो’ असं लिहिलंत तर आजारी माणसावर दोष येईल. तेव्हा ‘दुर्लक्ष’ खुशाल वापरा, क्रियापद तेवढं सांभाळा. ‘एकांगी दुर्लक्ष’ मात्र नको, ‘एकांगी’ म्हटलं की वाचकाला कुणाचं तरी मत आठवतं. ‘डाव्या बाजूचं दुर्लक्ष’ पुरेसं आहे.

‘अवधान’ हा जुना, भारदस्त शब्द. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो रुळला आहे, पण बोलण्यात उरलाय तो ‘अनवधानाने’ आणि ‘अष्टावधानी’ एवढ्यापुरता. ‘लक्ष’ मात्र रोज राबतं. ते आपण देतो, ते आपोआप जातं, कधी उडतं. एखादी गोष्ट लक्षात येते म्हणजे उमजते, आणि लक्षात राहते म्हणजे स्मरणात राहते! स्मरणात साठवायचं ते आपण ‘लक्षा’त ठेवतो, ‘ध्याना’चंही तसंच. परत काढायची वेळ आली की मग ‘आठवणं’ हे निराळं क्रियापद येतं. मेसुलम यांनी मेंदूच्या तळाकडून वरच्या थराकडे जाणाऱ्या ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाच्या ज्या मार्गांचा अभ्यास केला, ते लक्ष आणि स्मरण या दोन्हींना लागतात, हे कळल्यापासून ‘लक्षात ठेव’ म्हणताना मला दर वेळी आनंद होतो. म्हणून माझं मत ‘लक्ष आणि स्मरण’ याच जोडीला.

त्यांचा जन्म इस्तंबूलचा, शिक्षण हार्वर्डचं. १९९४ मध्ये ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आले. चरित्र लिहिताना १९८२ सालापाशी मात्र थांबा. त्या वर्षी त्यांनी अशा सहा रुग्णांची नोंद केली, ज्यांची भाषा हळूहळू जात होती, पण बाकीची बुद्धी बराच काळ टिकून होती. डिमेन्शियाला आपल्याकडे सरसकट ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. तो शब्द इथे घातलात तर सांगायचं तेच पुसलं जाईल, कारण या माणसांना कालचा दिवस आठवत असतो, सापडत नाहीत ते शब्द. ‘वाढत जाणारा वाचाघात’ असं लिहा.