जुन्या स्प्लेंडरला जाड ऑइल घालावे का?

आपला प्रश्न असा आहे : वडिलांनी २००६ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आता ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात तिचे ऑइल कमी होते, नाशिकमधील आपले मेकॅनिक २०डब्ल्यू-५० घालण्यास सांगत आहेत आणि घरी मोटारीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेले फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० पडून आहे, तर यांपैकी काय वापरावे? माझ्या मते सध्या दोन्ही वापरू नयेत. कंपनीने या गाडीसाठी सांगितलेले १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे (ऑइलच्या दर्जाची अमेरिकी श्रेणी) किंवा त्यापुढच्या दर्जाचे आणि बाटलीवर ‘जासो एमए’ असे छापलेले मोटारसायकलचे ऑइल घालावे, ते किती कमी होते हे मोजावे आणि मोजल्यावर गरज दिसली तरच एक पायरी वर जाऊन १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० घ्यावे. केवळ गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल घालण्याची जी रीत पडली आहे, ती या इंजिनाच्या रचनेला धरून नाही.

‘इंजिन झिजले की फटी वाढतात, म्हणून जाड ऑइल हवे’ हा युक्तिवाद मुळात मोटारींच्या इंजिनांवरून आला आहे. तेथे क्रँकशाफ्ट साध्या बुश बेअरिंगवर, ऑइलच्या दाबाखाली तयार होणाऱ्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि फट वाढली की तो दाब पडतो. स्प्लेंडरचा ९७.२ सीसीचा क्रँक मात्र बॉल बेअरिंगवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला नीडल रोलर, म्हणजे सुईसारखे बारीक रोलर, असतात. या बेअरिंगना जोराचा दाब लागत नाही, वेळेवर आणि सतत पोहोचणारे ऑइल लागते. ते सर्वांत उशिरा पोहोचते हेडमध्ये, जेथे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर आहेत. थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा सकाळी पहिली किक मारल्यानंतर ऑइल वर चढेपर्यंतचे काही क्षण कॅम आणि रॉकर मागे उरलेल्या ऑइलच्या ओलाव्यावर काम करतात, आणि ऑइल जितके जाड तितके हे क्षण लांबतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधली फट वाढली असेल तेथे थोडे जाड ऑइल उपयोगी पडते हे खरे आहे. पण मग रिंगा खरोखर झिजल्या आहेत का, हे आधी ठरवावे लागते.

बाटलीवरच्या आकड्यांबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा असतो, १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना होते, त्यामुळे महाराष्ट्राच्या हवेत दोन्हींपैकी कोणतेही ऑइल गोठून बसण्याची भीती नाही, फरक पडतो तो फक्त थंड इंजिनात ऑइल किती चटकन वाहते एवढाच. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे साधारण तापलेल्या इंजिनात, ऑइल किती जाड राहते ते सांगतो : ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजण्याचे एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. यावरून लक्षात येईल की ३०वरून थेट ५०वर जाणे म्हणजे मधली एक अख्खी पायरी ओलांडून जवळपास पावणेदोनपट जाड ऑइल घालणे होय. एवढ्या लहान इंजिनाला ते ढवळत बसावे लागते, त्यात ताकद जाते, मायलेज कमी होते आणि गाडी सुस्त वाटू लागते.

आता त्या उरलेल्या मोटारीच्या ऑइलबद्दल. मोटारीत क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. आपल्या स्प्लेंडरमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले आहेत. पेट्रोल वाचवण्यासाठी मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि क्लचच्या प्लेटा तर घर्षणावरच पकड घेतात. जपानच्या मोटार उद्योगाने १९९८ साली दुचाकींच्या ऑइलसाठी ‘जासो’ हे स्वतंत्र मानक आणले ते याच कारणाने : एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी योग्य, आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचे, जे गिअर नसलेल्या स्कूटरला चालते. नंतर एमएचेच एमए१ आणि एमए२ असे दोन उपविभाग झाले. बाटलीवर एमए किंवा एमए२ दिसले तर आपल्याला पुरेसे आहे. चुकीच्या ऑइलने क्लच घसरू लागला तर तो सपाट रस्त्यावर कळतही नाही. मागे माणूस बसवून कसारा घाट चढू लागलात की ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही, तेव्हा ते समजते. मोटारीचे ऑइल घालूनही काही गाड्यांचे क्लच ठीक चालतात, परंतु आणखी एक अडचण उरतेच. गिअरचे दाते ऑइलमधील जाडी टिकवणारी पॉलिमरची साखळी सतत कातरत असतात, आणि मोटारीचे ऑइल तयार करताना हा मार गृहीत धरलेला नसतो. शिवाय मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी अलीकडच्या ५डब्ल्यू-३० ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आहे, आणि कॅम व रॉकरची झीज रोखणारे जुने, भरवशाचे झिंकयुक्त द्रव्य त्यामुळे कमी झाले आहे. तो डबा मोटारीच्याच टॉपअपसाठी ठेवावा.

ऑइल कमी होते असे आपण म्हणता, परंतु ते किती आणि कसे, हे प्रश्नात नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. पातळी पाहण्याची पद्धत चुकली तर मापही चुकते. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करावी, आणखी दोन-तीन मिनिटे ऑइल खाली उतरू द्यावे, मग गेजची कांडी बाहेर काढून फडक्याने कोरडी पुसावी आणि पुन्हा भोकात नुसती टेकवावी. आटे फिरवून आत बसवू नये. आटे बसवून पाहिले तर कांडी जास्त खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा चांगली दिसते, आणि ऑइल कमी असतानाही माणूस निश्चिंत राहतो. साइड स्टँडवर गाडी कलती ठेवून पाहणाऱ्यांचा अंदाजही असाच चुकतो. नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून १००० किलोमीटर चालवा आणि पुन्हा पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर या वयाच्या गाडीसाठी मी ते स्वाभाविक मानतो आणि १०डब्ल्यू-३०च चालू ठेवीन. खालच्या खुणेला टेकली असेल, तर पुढच्या वेळी १०डब्ल्यू-४० किंवा आपल्याकडे सर्वत्र मिळणारे २०डब्ल्यू-४० घालून तोच प्रयोग पुन्हा करीन. नाशिकच्या हिवाळ्याचा विचार करता या दोहोंपैकी माझी पसंती पहिल्याला आहे.

ऑइल जळत आहे की गळत आहे, हेही पाहायला हवे. डाव्या बाजूच्या पुढच्या स्प्रॉकेटमागचे ऑइल सील म्हातारे होऊन कडक पडते आणि तेथून झिरपणारे ऑइल चेनच्या ग्रीसमध्ये मिसळत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. किकच्या दांड्याचे सील आणि टॅपेटच्या टोप्यांखालच्या रबरी रिंगाही तपासाव्यात. ही कामे स्वस्त आहेत आणि जाड ऑइल त्यांना पर्याय नाही. गळती नसेल तर धूर पाहावा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना थोडा निळसर धूर सोडून मग स्वच्छ होत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा; चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा आणि बोअरकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे, पाहावे. हेडमधून टिकटिक आवाज येतो म्हणून ऑइल जाड करणारेही पुष्कळ आहेत. तेथे आधी टॅपेट सेट करून घ्यावेत.

ज्या एका कामाकडे या गाड्यांमध्ये सर्रास दुर्लक्ष होते, ते मी आग्रहाने सांगतो. या इंजिनात मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत तळाशी एक बारीक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक गोल डबीसारखा भाग फिरत असतो. त्या फिरण्याच्या जोराने ऑइलमधील धातूचा चुरा आणि काजळी कडेला फेकली जाऊन तेथेच चिकटून राहते. बरीच वर्षे न उघडलेल्या गाडीत त्या डबीच्या आतल्या भिंतीवर करड्या-काळ्या मळाचा इतका घट्ट थर असतो की तो बोथट पट्टीने खरवडून काढावा लागतो. तो मळ तसाच ठेवून कितीही महागाचे ऑइल घातले, तरी ते त्याच घाणीतून फिरणार. मेकॅनिकला उजवे कव्हर उघडून डबी आणि जाळी पेट्रोलने धुण्यास सांगावे, कव्हरचे पॅकिंग नवे बसवावे आणि ड्रेन नटाचे वॉशरही बदलावे. त्यानंतरचे पहिले ऑइल १००० किलोमीटरवरच काढून टाकावे, कारण सुटलेला मळ त्यात उतरतो.

सिंथेटिकबाबत माझे मत असे की, हवेवर थंड होणाऱ्या आणि शांतपणे चालणाऱ्या या इंजिनाला चांगले मिनरल ऑइल पुरते. सिंथेटिकने सील खराब होतात हा समज आजच्या ऑइलना लागू नाही. परंतु आधीच कडक पडलेल्या सीलभोवतीचा मळ स्वच्छ झाला की लपलेली गळती उघडी पडते, आणि ऑइल खाणाऱ्या गाडीत महाग ऑइल जाळण्यात शहाणपण नाही. तेच पैसे लवकर ऑइल बदलण्यासाठी वापरावेत. पुस्तिकेत ३००० किलोमीटरला टॉपअप आणि ६००० ला बदल असे आहे. मी या वयाच्या गाडीचे ऑइल ३००० लाच बदलावे असे सांगेन, आणि गाडी फारशी चालत नसेल तरी वर्षातून एकदा. पावसाळ्यात दूध-बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील तर आतला ओलावा उडून जात नाही. ऑइल भरण्याच्या टोपीच्या आत दुधी चहासारखा रंग दिसला तर किलोमीटर न पाहता ऑइल काढावे. खरेदी करताना सुटे ऑइल घेऊ नये, सील पाहून घ्यावे आणि रिकामी बाटली पुन्हा भरली जाऊ नये म्हणून ती कापून टाकावी. काढलेले ऑइल गटारात ओतू नये, गॅरेजच्या पिंपात द्यावे.

आपले मेकॅनिक २०डब्ल्यू-५० सांगतात ते अगदीच हवेतून नाही. जुन्या पल्सरना कंपनीचीच ती ग्रेड होती आणि कास्ट आयर्न बुलेटमध्येही तीच घातली जाते. पण त्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे, आणि आरएक्स १००सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते व गिअरचे निराळे असते. म्हणून त्या गाड्यांवरचा सल्ला स्प्लेंडरला लावता येत नाही. मेकॅनिकना नाराज न करता एवढेच विचारावे की या गाडीच्या रिंगा गेल्या आहेत असे त्यांना कशावरून वाटते. त्यांनी धूर आणि कॉम्प्रेशन तपासून तसे सांगितले आणि १०डब्ल्यू-४० घालूनही १००० किलोमीटरच्या आत पातळी खालच्या खुणेखाली जात असेल, तर ऑइलच्या ग्रेड बदलत बसण्याऐवजी सिलिंडर उतरवून बोअर मोजून घ्यावा आणि रिंग-पिस्टनचे काम करून टाकावे. ते काम झाल्यावर या गाडीला पुन्हा १०डब्ल्यू-३०च घालायचे आहे.