शेल स्क्रिप्टमध्ये (टर्मिनलच्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) "आंबा$125" या पासवर्डातला $ गायब होतो. तो पुढे सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) वापरून एका फाइलमध्ये घालायचाय. प्रत्येक खुणेआधी बॅकस्लॅश (\) द्यायचा का?

नको. पासवर्ड सिंगल कोटमध्ये (' ') लिहा, निम्मी कटकट तिथेच मिटेल.

तुमचा "आंबा$125" फाइलमध्ये आंबा25 होऊन पडतो, कारण डबल कोटच्या (" ") आत $ जिवंत असतो, म्हणजे शेल त्याचा अर्थ लावतं. $1 म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिच्या नावापुढे दिलेलं पहिलं आर्ग्युमेंट. तुम्ही ते दिलंच नाहीत, म्हणून तेवढी जागा रिकामी झाली आणि मागे 25 उरले. एरर वगैरे काही येत नाही, हीच खरी गोम. माझ्या पासवर्डात एकदा $$ होतं. त्याच्या जागी शेल स्वतःचा प्रोसेस नंबर भरतं, म्हणजे दर वेळी नवाच पासवर्ड जात होता आणि मी संध्याकाळभर डेटाबेसला शिव्या घालत बसलो!

डबल कोटमध्ये $, बॅकटिक (`), बॅकस्लॅश आणि " एवढ्यांवर नजर ठेवायची. (बॅश या शेलमध्ये ! छळतो तो टर्मिनलवर हाताने टाइप करताना. स्क्रिप्टमध्ये एरवी त्याचा त्रास नाही.) सिंगल कोटमध्ये कुणाचंच काही चालत नाही, अगदी बॅकस्लॅशचंही. त्यामुळे आत सिंगल कोटच आला की पंचाईत. आडनाव डी'सूझा असेल तर असं लिहावं लागतं:

'डी'\''सूझा'

आधी कोट बंद केला, बाहेर सुटा \' ठेवला, मग पुन्हा कोट उघडला. दिसायला भयंकर आहे, पण चालतं.

पासवर्ड व्हेरिएबलमध्ये गेला की पुढे तो व्हेरिएबल डबल कोटमध्येच वापरा. आतला $ शेल पुन्हा उलगडत नाही. कोट विसरलात तर मात्र स्पेसवर तुकडे पडतील, आणि त्यात * असला तर फोल्डरमधल्या फाइलींची नावंही येऊन बसू शकतात.

तुम्ही पुढे सेड वापरताय, तिथे शेलचे कोट कामाचे नाहीत. सेडला बदली मजकुरातला & म्हणजे 'जे सापडलं ते सगळं' असं वाटतं. @@गुपित@@ च्या जागी मीठ&मिरची घालायला गेलात तर मीठ@@गुपित@@मिरची मिळेल. इथे &, बॅकस्लॅश आणि तुमचा विभाजक (बहुधा /) या तिघांआधी बॅकस्लॅश खरंच लागतो.

पासवर्ड छापून तपासताना एको (echo) वापरू नका, काही शेलमध्ये तो \n सारख्या जोड्यांचाही अर्थ लावतो. प्रिंटएफला (printf) '%s' देऊन छापा, जे आहे तेच दिसेल.